गोळी चालू झाली: पहिले काही महिने कसे काढायचे

सोलापूरच्या सिव्हिलमधल्या एआरटी सेंटरमधून, म्हणजे जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून, पहिल्यांदा औषध घेऊन निघालेला माणूस मला लांबून ओळखू येतो. गोळ्यांचा डबा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि हात पिशवीच्या तोंडावर घट्ट. मीही २०१० साली अशीच बाहेर पडले होते. तेव्हा विड्या वळायचे. आता तब्येत बरी आहे आणि नव्याने गोळ्या चालू झालेल्या लोकांसोबत बसते. मी डॉक्टर नाही. पण गोळी पोटात गेल्यावर काय काय होतं, आणि त्यापेक्षा जास्त, आपण लपवालपवी करून काय काय ओढवून घेतो, हे जवळून पाहिलंय. नव्या माणसाला बाकावर बसून जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी डब्यावरचं नाव वाचा

आज बहुतेक मोठ्या माणसांना जी गोळी मिळते तिला सेंटरमध्ये टीएलडी म्हणतात. एकाच गोळीत तीन औषधं: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम. दिवसातून एकदा, रोज, ठरल्या वेळी. सरकारी सेंटरमध्ये ती फुकट मिळते.

नाव वाचायला सांगते त्याला कारण आहे. तुमच्या ओळखीत कुणी जुना पेशंट असला तर तो लगेच सल्ला देतो: "रात्री झोपतानाच घे, तेलकट खाऊ नको, चक्कर येईल." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या वेळी गोळीत एफाव्हिरेंझ होतं. त्याने चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची, आणि तेलकट खाल्लं की ते रक्तात जास्त उतरायचं. त्याच्याही आधीच्या गोळ्यांत झिडोव्हुडिन असायचं, त्याने रक्त कमी व्हायचं. नेव्हिरापिनने अंगावर पुरळ यायचं, म्हणून पहिले १४ दिवस ते अर्ध्याच डोसात देत. स्टॅव्हुडिनने गाल बसायचे, हातापायांना मुंग्या यायच्या. लोकांच्या मनात एचआयव्हीच्या गोळ्यांची जी भीती बसलीय ती बरीचशी या जुन्या औषधांची आहे. टीएलडी जेवणाआधी घ्या, जेवणानंतर घ्या, सकाळी घ्या, रात्री घ्या, चालते. सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, "तुमची गोळी कोणती होती हो?"

तुमच्या डब्यावर वेगळं नाव असेल तर खाली लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू होईलच असं नाही. सेंटरमध्ये विचारून घ्या. विशेषतः अबॅकॅविर असेल आणि ताप, पुरळ, उलट्या, धाप असं सगळं एकदम सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्या औषधाची अ‍ॅलर्जी एकदा ठरली की ते पुन्हा कधीच घ्यायचं नसतं.

पहिले पंधरा दिवस

बऱ्याच लोकांना काहीच होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नवा माणूस पहिली गोळी गिळून रात्रभर छताकडे बघत बसतो, आता काय होईल म्हणून. आणि मग सकाळी डोकं दुखतं, ते जागरणाने.

ज्यांना त्रास होतो त्यांचा साधारण असा असतो: मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणं, एक-दोनदा पातळ शौचास होणं, झोप न लागणं, कधी चक्कर. बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरतो.

मळमळीचं आधी बघू. गोळी उपाशीपोटी घेत असाल तर जेवणानंतर घेऊन बघा. पहिले काही दिवस कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि झणझणीत कालवण बाजूला ठेवा. सोलापूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच, पण आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे. मऊ भात-ताक, मुगाची खिचडी, ज्वारीचं पातळ आंबील, थोडं थोडं, चार वेळा. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्या. बऱ्याच वेळाने झाली तर गोळी विरघळून गेलेली असते, दुसरी घेऊ नका. रोजच उलटी होत असेल तर गप्प बसू नका, उलटी थांबवणारी गोळी सेंटरमध्ये मिळते.

जुलाब होत असतील तर पाणी कमी पडू देऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, माणूस गोळी न घेताही सुकतो. टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे अंगातलं पाणी आटू देणं या गोळीवर चालत नाही. ओआरएसची पुडी घरात ठेवा. नसेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण प्यायच्या पाण्यात काटकसर नको. लघवी गर्द पिवळी दिसली की समजा, कमी पडतंय.

झोपेचा उपाय अगदी सोपा आहे आणि तोच कुणी करत नाही. डोल्युटेग्रॅविरने काही जणांची झोप उडते. असं होत असेल तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायची. वेळ कशी सरकवायची ते नर्सताईंना विचारा, म्हणजे मध्ये मोठा खंड पडणार नाही. माझ्यासमोर एक यंत्रमाग कामगार बसला होता, महिनाभर झोप नाही, डोळे लाल. विचारलं तर म्हणाला, "सगळे रात्रीच घेतात की." वेळ बदलली, पाचव्या दिवशी झोपला.

पाळीवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी असेल तर अशी वेळ धरा जेव्हा दोन्ही आठवड्यांत तुम्ही जागे आणि घरी असता. संध्याकाळी पाळीला निघायच्या आधीची किंवा सकाळी परतल्यानंतरची. मोबाइलचा गजर लावा. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या, फक्त पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर ती सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करायची नाही.

त्रास गोळीचा की सोबत गिळलेल्या दुसऱ्या कशाचा?

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्मी कटकट इथूनच निघते. माणूस सेंटरमध्ये सांगत नाही की बाहेरचं काय घेतो, आणि बाहेरच्या डॉक्टरला सांगत नाही की सेंटरचं काय घेतो. मध्ये त्याचं पोट.

अ‍ॅसिडिटीचं औषध. विडीच्या धंद्यात सकाळी रिकाम्या पोटी मिश्री आणि चहा, मग दिवसभर सूप मांडीवर. छातीत जळजळ ठरलेली. मेडिकलमधून गुलाबी किंवा पांढरं पातळ औषध आणायचं नाहीतर चघळायची गोळी. त्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं, ते डोल्युटेग्रॅविरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. गोळी गिळली पण लागू पडली नाही असं होतं. नियम असा: टीएलडी या औषधाच्या दोन तास आधी, किंवा सहा तास नंतर. हिशेब करून दाखवते. तुमची गोळी रात्री ९ ची असेल तर अ‍ॅसिडिटीचं औषध दुपारी ३ च्या आत घ्या, नाहीतर रात्री ११ नंतर. रोज रात्री जेवल्यावर जळजळ होत असेल तर सरळ टीएलडी सकाळी न्या. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या प्रकारच्या गोळ्यांची अशी अडचण नसते, तेव्हा डॉक्टरांकडून ती लिहून घेता येते.

लोह आणि कॅल्शियम. गरोदर बायकांना, रक्त कमी असलेल्यांना या गोळ्या मिळतातच. यात जरा सवलत आहे: भरपेट जेवणासोबत टीएलडी आणि लोह किंवा कॅल्शियम एकत्र घेतलं तर चालतं. उपाशीपोटी घ्यायचं असेल तर वरचाच दोन तास-सहा तासांचा नियम. ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत जस्त, लोह, कॅल्शियम सगळं असतं, त्यांनाही हेच लागू.

दुखण्यावरची गोळी. मागावर बारा तास उभं राहिल्यावर पाय आणि कंबर धरते, हे सांगायला नको. मग रोज एक डायक्लोफेनॅक. हे आणि टेनोफोविर दोन्ही मिळून मूत्रपिंडावर भार टाकतात. अधूनमधून दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, आणि रोजच गोळी लागत असेल तर ते सेंटरच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे.

साखरेची गोळी. डोल्युटेग्रॅविर सोबत असलं की मेटफॉर्मिनचं प्रमाण रक्तात वाढतं. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये याकडे डॉक्टर लक्ष देतात, पण तुम्ही मेटफॉर्मिन घेता हे त्यांना कुणी सांगायचं?

फिटचं औषध. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन. यांनी टीएलडीचा जोर कमी होतो. स्वतःहून यातलं काहीही बंद करायचं नाही, दोन्ही चिठ्ठ्या घेऊन या.

टीबीचं औषध. एचआयव्हीसोबत टीबी असणारे आपल्याकडे पुष्कळ. रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविरची एक जादा गोळी मिळते, टीएलडीनंतर बारा तासांनी घ्यायची. रिफाम्पिसिन संपल्यावरही ती आणखी दोन आठवडे चालू राहते. लघवी नारिंगी झाली की लोक घाबरतात, ते रिफाम्पिसिनचं, रक्त नव्हे. आणि टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड चालू असताना पायाला मुंग्या आल्या तर ते सांगा. त्यासाठीच सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-सिक्सची गोळी देतात. ती "व्हिटॅमिनची तर आहे" म्हणून फेकून देणारे मी पाहिलेत.

कोट्रायमोक्साझोल. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रक्तातला आकडा, कमी असेल तर ही मोठी पांढरी गोळीही सोबत येते. पहिल्या दोन आठवड्यांत अंगाला खाज, पुरळ आलं की सगळे टीएलडीला नावं ठेवतात, पण अनेकदा चोर ही सल्फाची गोळी असते. कोणती थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

आता प्रश्न उरतो की बाहेरच्या डॉक्टरला सांगायचं कसं. सांगता आलं तर उत्तमच. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय इतरांना सांगणं आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, दोन्हीला त्यात मनाई आहे. पण गल्लीतल्या दवाखान्यात कंपाउंडर आपल्याच वाड्यातला असतो, ते मला कळतं. तेव्हा निदान एवढं करा: बाहेरून कोणतंही औषध आणलं की पाकिटाचा फोटो काढा आणि गिळायच्या आधी सेंटरच्या फार्मासिस्टला किंवा समुपदेशक मॅडमना दाखवा. झाडपाल्याचा काढा, भस्म, कुणा वैदूची पुडी, यांचाही फोटो. ते ओरडत नाहीत. ओरडले तरी काय बिघडलं.

माझी चूक

माझ्या पहिल्या औषधांत झिडोव्हुडिन होतं. दुसऱ्या महिन्यापासून दम लागायला लागला. दोन हंडे पाणी आणलं की भिंतीला टेकून उभी राहायचे. ओठ पांढरे. सासूबाई म्हणाल्या, "कामाची सवय गेली तुझी." मी सेंटरला गेले की तिथल्या मॅडम विचारायच्या, "काही त्रास?" मी म्हणायचे, "काही नाही मॅडम." का, तर त्रास आहे म्हटलं तर गोळ्या बंद करतील, आणि बंद केल्या तर मी मरेन. असं दोन महिने. शेवटी गड्ड्याच्या यात्रेत पोराला पाळण्यात बसवायला नेलं आणि तिथेच खाली बसले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८.

गोळ्या बंद केल्या नाहीत कुणी. झिडोव्हुडिन काढून त्या जागी टेनोफोविर दिलं, दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा विड्या वळायला बसले. एवढंच करायचं होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा दम लागला त्या दिवशी सांगितलं असतं तर रक्ताची बाटली चढवायची वेळ आली नसती.

उलट बाजूचेही लोक भेटतात. त्रास झाला की ते स्वतःच गोळी बंद करतात, आणि सेंटरला जायला लाज वाटते म्हणून मग जातच नाहीत. चुकत-माकत घेतली तर विषाणू औषधाला निगरगट्ट होतो आणि पुढची औषधं अवघड होत जातात. शिवाय ज्यांना सोबत हिपॅटायटिस-बी आहे त्यांचं यकृत टीएलडी अचानक थांबल्यावर भडकू शकतं, कारण त्यातली दोन औषधं त्या आजारावरही काम करत असतात. आठ दिवस बंद केली असेल तरी जा. "बंद केली होती" एवढं वाक्य बोला, पुढचं तेच विचारतील.

थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं

अंगभर पुरळ आणि सोबत ताप. तोंडात, डोळ्यांत फोड किंवा कातडी सुटणं. डोळे पिवळे, लघवी काळपट. पाणीही पोटात न टिकणं. लघवी खूप कमी होणं, चेहरा-पाय सुजणं. धाप लागणं. असह्य डोकेदुखी, मान ताठ, बोलण्यात गोंधळ. चेहऱ्याला, ओठांना सूज. आणि जीव द्यावासा वाटणं, हेसुद्धा याच यादीत. डोल्युटेग्रॅविरने काही थोड्या लोकांचं मन फार खाली जातं, आधी नैराश्याचा त्रास असेल त्यांनी तर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावं. रात्र असेल तर सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो, आणि १०८ ची गाडी आहे. जाताना डबा आणि सेंटरमधून मिळालेलं हिरवं पुस्तक बरोबर घ्या.

महिना-दोन महिन्यांनी

काही जणांना गोळीने बरं वाटायला लागतं आणि मग एकदम ताप येतो, मानेला गाठ येते, खोकला सुरू होतो किंवा नागीण निघते. माणूस म्हणतो, गोळीच बाधली. बहुधा प्रकार उलटा असतो. प्रतिकारशक्ती झोपलेली होती तेव्हा अंगात लपलेला टीबी दिसत नव्हता. ती जागी झाली आणि त्याच्याशी भांडायला लागली. सीडी-४ फार कमी असताना गोळ्या चालू झालेल्यांत हे पहिल्या तीन महिन्यांत जास्त दिसतं. गोळी चालू ठेवूनच त्यावर उपचार होतात. पण सांगितलं तर.

वजन वाढतं. थोडं तर आजारात गेलेलं परत येतं, ते हवंच. पण डोल्युटेग्रॅविरने काहींचं त्याहून जास्त वाढतं. दर भेटीला वजन होतं, ते आकडे बघत जा, आणि वाढतच राहिलं तर साखर व रक्तदाब तपासायला सांगा. म्हणून कुणी भाकरी सोडू नका. आपली मंगळवेढ्याची ज्वारी, मटकी, अंडं, पालेभाजी हेच खाणं चांगलं आहे. दारू-शिंदीचं म्हणाल तर तिचा टीएलडीशी थेट झगडा नाही, पण यकृताला त्रास होतो आणि प्यालेला माणूस गोळी विसरतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, किंचित वाढलेलं दिसलं तर लगेच हादरू नका. डोल्युटेग्रॅविर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं वर जातं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतानाही. खरंच बिघडलंय की नाही ते डॉक्टर पुढच्या तपासणीवरून आणि लघवीवरून ठरवतात.

डबा कुठे ठेवायचा

नव्या डब्यात ३० गोळ्या असतात आणि डबा हलला की खुळखुळतो. एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर हा आवाज म्हणजे वैरी. लोक मग गोळ्या कागदाच्या पुडीत बांधतात नाहीतर मिसळणाच्या डब्यात टाकतात. तसं करू नका. डब्यात जी छोटी पुडी असते ती ओल शोषायला असते, ती तिथेच राहू द्या आणि झाकण घट्ट लावा. आवाज नको असेल तर अख्खा डबा फडक्यात गुंडाळा. पत्र्याच्या छताखालच्या फळीवर, दुचाकीच्या डिकीत, उन्हातल्या खिडकीत ठेवू नका. घरातला थंड, कोरडा कोपरा बरा.

ऊसतोडीला, पुण्याला, भिवंडीला कामाला जाणार असाल तर आधी सेंटरला सांगा. जास्त दिवसांचं औषध किंवा तिथल्या सेंटरची चिठ्ठी मिळू शकते. वारीला चालत जाणाऱ्यांनी चार-सहा दिवसांच्या गोळ्या जादा धरा, पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत कुणाचं परतणं वेळेवर होत नाही.

सेंटरला जाताना

पहिली भेट बहुधा पंधरा दिवसांनी, मग दर महिन्याला. सगळं सुरळीत असलं की पुढे एकदम काही महिन्यांचं औषध मिळतं. उरलेल्या गोळ्या डब्यासकट न्या, त्या मोजतात. त्रास झाला असेल तर कोणत्या दिवशी, गोळीनंतर किती वेळाने, त्याआधी काय खाल्लं, एवढं मोबाइलमध्ये बोलून ठेवा, लिहिता येत नसेल तरी. तेलुगू किंवा कन्नड सोयीची वाटत असेल तर तसं सांगा, सोलापुरात कुणी ना कुणी बोलणारं निघतंच. जायला जमत नसेल आणि नुसतं विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

सहा महिन्यांनी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची, तपासणी होते. ती चुकवू नका, आणि रिपोर्ट आला की "चांगला आहे" एवढ्यावर उठून येऊ नका. आकडा किती, ते विचारा. १००० च्या खाली म्हणजे औषध काम करतंय. विषाणू मशीनला सापडलाच नाही आणि पुढेही तसंच राहिलं, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. बायको किंवा नवरा सोबत आला असेल तर हे वाक्य डॉक्टरांच्याच तोंडून दोघांनी बसून ऐकून घ्या.